तुम्ही यांना किती वर्षं ओळखता?

नवरात्राची सहावी माळ होती. घटावर माळ बांधून, आरती करून उठले आणि फोन पाहिला तर पोलिसांकडून ईमेल आलेला. मुलगा गाडी घेऊन बाहेर गेला होता, त्यामुळे आधी पोटात गोळाच आला. उघडल्यावर कळलं, की आमच्या भावजींनी बंदूक विकत घेण्याच्या ओळखपत्रासाठी अर्ज केलाय आणि रेफरन्स म्हणून ज्या दोघांची नावं दिलीत, त्यांत एक माझं आहे.

प्रश्न साधेच होते. तुम्ही यांना किती वर्षं ओळखता? दारूचं व्यसन आहे का? अमली पदार्थ? मानसिक आजार? घरात कधी मारहाण वगैरे? आणि शेवटी, यांच्या हाती शस्त्र देऊ नये असं वाटण्याचं काही कारण तुम्हाला माहीत आहे का?

पहिल्याचं उत्तर मी लगेच लिहिलं. एकोणीस वर्षं. पुढच्या चारही प्रश्नांना नाही, नाही, नाही, नाही. शेवटच्या प्रश्नाशी येऊन थांबले आणि फोन बाजूला ठेवला.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे कॉलेजचे मित्र. नात्यातले नाहीत, नातलगांचं नाव रेफरन्सला चालतही नाही. आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये घर घेतलं त्याच वर्षी त्यांनीही घेतलं, दोन गल्ल्या सोडून. त्यांची बायको माझी जिवाभावाची मैत्रीण. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ती गेली. स्वादुपिंडाचा कॅन्सर, कळल्यापासून चार महिने. मुलगी सिॲटलला. चार बेडरूमच्या घरात भावजी एकटे.

दोन दिवस आधी त्यांचा फोन आला होता. "वहिनी, तुमचं नाव दिलंय बरं का. पाच मिनिटांचं काम आहे." कारणही सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. त्यांच्या गल्लीत घरफोडी झाली होती. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांना पक्कं ठाऊक असतं. लग्नसराईत, दिवाळीच्या सुमारास घरं हेरली जातात. तिचे दागिने घरातच होते. पाटल्या, तन्मणी, तिच्या आईची मोहनमाळ. "ते गेलं तर मला सहन व्हायचं नाही," असं ते म्हणाले होते.

पाच मिनिटांचं काम मी अकरा दिवस केलं नाही.

न्यू जर्सीत बंदूक घेणं म्हणजे दुकानात जाऊन पैसे मोजणं नव्हे. आधी आपल्या गावच्या पोलिसांकडे ओळखपत्रासाठी अर्ज करायचा, त्याचे 50 डॉलर. पिस्तूल हवं असेल तर प्रत्येक पिस्तुलाचा वेगळा परवाना, त्याचे 25. बोटांचे ठसे द्यायचे, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला संमती द्यायची, आणि दोन माणसं द्यायची जी आपल्याविषयी बोलतील. कायदा म्हणतो तीस दिवसांत निकाल लावा. पुष्कळांना त्याहून कितीतरी जास्त थांबावं लागतं. आमच्याकडे त्या दोन माणसांची उत्तरं येईपर्यंत अर्ज जागचा हलत नाही. म्हणजे भावजींचा अर्ज अडला होता तो कुठल्या कचेरीत नव्हे, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

बंदूक मला परकी नाही. आमच्या आजोळी, कुडाळच्या पुढे, माजघराच्या भिंतीवर आजोबांची एकनळी टांगलेली असायची. परवाना शेतीसंरक्षणाचा. भात पोटरीला आलं की रानडुकरं एका रात्रीत वाफा उधळून टाकत, आणि वांदर तर बारा महिने. आम्हां मुलांना त्या भिंतीकडे बोट दाखवायचीही बंदी होती. काडतुसं वेगळ्या पेटीत, पेटीची किल्ली आजीच्या कमरेला. त्या परवान्यासाठी आजोबांनी किती खेटे घातले ते आई सांगायची: पोलीस येऊन शेजाऱ्यांना विचारून गेले, पोलीसपाटलाला विचारून गेले, वाडीत भांडणतंटा आहे का, माणूस तापट आहे का. शेजाऱ्याला विचारायची ही रीत अमेरिकेत मला पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं.

निवडणूक लागली की आजोबांना ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. आचारसंहिता संपेपर्यंत तिथेच. गोणपाटात गुंडाळून एसटीने न्यायचे आणि एक पावती घेऊन यायचे. ती देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात राहायची. त्या दिवसांत डुकरं काही आचारसंहिता पाळत नसत. आजोबा रात्री डबा वाजवत बांधावर बसायचे आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी परत यायचे. थांबण्याची किंमत असते आणि ती थांबणाऱ्यालाच मोजावी लागते, हे मी तेव्हा बघितलंय.

माझा भाचा ह्यूस्टनजवळ राहतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर त्याने रायफल घ्यायची ठरवली. तिथे आमच्यासारखं ओळखपत्र वगैरे काही नाही. दुकानात एक फॉर्म भरायचा, 4473 नंबरचा. दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेला विचारतो आणि उत्तर येतं. तीनच उत्तरं असतात: प्रोसीड, डिनाइड किंवा डिलेड. दहांतल्या नऊ जणांना काही मिनिटांत होकार मिळतो. भाच्याला डिलेड मिळालं. त्याने रात्री मला फोन केला. "मावशी, दुकानात सगळ्यांसमोर. मी काय गुन्हेगार आहे?" त्याचा आवाज दुखावलेला होता. आमचं आडनाव महाराष्ट्रात पैशाला पासरी. त्याच नावाचा, जवळपासच्या जन्मतारखेचा कुणी दुसरा असेल, किंवा इमिग्रेशनच्या नोंदी जुळायला वेळ लागला असेल. कारण सांगत नाहीत. ज्यांना वारंवार असं होतं, त्यांच्यासाठी स्वतःहून माहिती देऊन वेगळा नंबर मिळवायची सोय आहे. त्याने तो घेतला. पण त्या संध्याकाळचा अपमान त्याच्या मनातून गेलेला नाही, आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. या देशात कातडीचा रंग आणि नाव यांवरून आधीच पुष्कळदा थांबवलं गेलेलं असताना आणखी एकदा थांबवलं की ते लागतंच.

ही यंत्रणा आहे वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला. 30 मार्च 1981 रोजी अध्यक्ष रेगन यांच्यावर वॉशिंग्टनमध्ये गोळीबार झाला. त्यांचे प्रसिद्धिप्रमुख जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली आणि ते जन्माचे अपंग झाले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने पुढची बारा वर्षं जे लावून धरलं त्यातून 1993 चा ब्रेडी कायदा आला. सुरुवातीला पिस्तुलासाठी पाच दिवस थांबायची अट होती. नोव्हेंबर 1998 मध्ये संगणकावरची तपासणी सुरू झाली आणि पाच दिवसांची अट गेली. तिच्या जागी आलं ते असं: तपास अडला तर कामकाजाचे तीन दिवस. तीन दिवसांत उत्तर नाही आलं, तर दुकानदाराने बंदूक द्यायला केंद्राच्या कायद्याची हरकत नाही.

हे तीन दिवस मला कायम बोचत आले आहेत. कारण चार्ल्स्टन.

2015 च्या एप्रिलमध्ये, 11 तारखेला, साउथ कॅरोलायनात एका एकवीस वर्षांच्या मुलाने पिस्तूल मागितलं. उत्तर आलं, डिलेड. त्याच्यावर अमली पदार्थ बाळगल्याची नोंद होती आणि त्याने ते कबूलही केलं होतं. तेवढ्यावर त्याला नकार मिळायला हवा होता. पण नोंदीत अटक करणाऱ्या पोलीस खात्याचं नाव चुकीचं होतं. क्लार्क्सबर्गच्या तपासनीस बाईंनी एका ठिकाणी विचारलं, तिथून आमच्याकडे नाही असं उत्तर आलं, आणि जिथे कागद होता तिथे विचारणा पोचलीच नाही. तीन दिवस संपले. 16 तारखेला त्याला पिस्तूल मिळालं. 17 जूनला संध्याकाळी तो चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबल वाचायला जमलेल्या लोकांत जाऊन बसला. त्यांनी त्याला जागा करून दिली. त्याने नऊ जणांना मारलं. पुढच्या महिन्यात एफबीआयच्या संचालकांनी जाहीरपणे कबूल केलं, की त्याला ते शस्त्र मिळायला नको होतं.

त्या तपासनीस बाईंचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. कागद शोधत होत्या त्या. मिळाला नाही.

आणि व्हर्जिनिया टेक विद्यापीठ. 16 एप्रिल 2007. आम्हाला इथे येऊन थोडेच दिवस झाले होते. बत्तीस जण गेले; त्यांत मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती. आमच्या घरी त्या रात्री पोळ्या तशाच पडून राहिल्या. मारेकऱ्याला सोळा महिने आधी एका न्यायाधीशाने स्वतःसाठी धोकादायक ठरवून उपचार घ्यायला सांगितलं होतं, पण दवाखान्यात दाखल केलं नव्हतं म्हणून ती नोंद यंत्रणेत गेलीच नाही. तपासणी झाली, उत्तर मिळालं: प्रोसीड.

म्हणून मी म्हणते, थांबवणं चूक नाही. पण नुसतं थांबवणंही पुरे नाही. हे मी आमच्याच राज्यावरून शिकले. 2015 मध्येच, दक्षिण न्यू जर्सीतल्या बर्लिन टाउनशिपमध्ये एकोणचाळीस वर्षांची एक बाई. केस कापायचं काम करायची. पूर्वीच्या मित्राने मारहाण केली म्हणून कोर्टाकडून मनाई हुकूम घेतलेला, घराला कॅमेरे बसवलेले. 21 एप्रिलला तिने बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. तीस दिवस उलटले. अर्जाचं काय झालं ते ती विचारूनही आली. 3 जूनला त्याच माणसाने तिला तिच्या घरासमोर भोसकून मारलं. अर्ज पडूनच होता.

बंदूक हातात असती तर ती वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण कायद्याने स्वतःला घालून घेतलेली मुदत कायद्याने पाळली नाही, आणि ज्या बाईने अर्जात जिवाच्या भीतीने हात पसरला होता, तिच्याकडे त्या त्रेचाळीस दिवसांत कुणी वळून बघितलं नाही. ज्यांना ही सगळी तपासणी जाचक वाटते त्यांच्यातला कुणी हे उदाहरण देतो तेव्हा माझ्यासारख्या तपासणीच्या बाजूच्या माणसांनी मान फिरवू नये.

त्या अकरा दिवसांत मी यातलं बरंच काही पुन्हा वाचत होते. भावजी चोराला मारतील का, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मला भीती होती ती दुसरीच, आणि ती मनातल्या मनातही शब्दांत आणायला मी धजत नव्हते.

अमेरिकेत बंदुकीने जे मरतात त्यांतले निम्म्याहून जास्त स्वतःच्या हाताने मरतात. 2023 मध्ये असे 27 हजारांवर होते. बातम्यांत येतात ती दुसरी मरणं. टेक्सासमध्ये 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या तरुण माणसांना विचारलं होतं की ठरवल्यापासून करेपर्यंत किती वेळ गेला. चौघांतल्या जवळजवळ एकाने सांगितलं, पाच मिनिटांहून कमी. आणि एकदा वाचलेल्यांतले दहांपैकी नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. आपल्याकडे म्हणतात ना, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. ती वेळ टळली की माणूस पुढे वर्षानुवर्षं जगतो, नातवंडं खेळवतो. बंदूक हाताशी असली की मात्र वेळ टळायला वावच राहत नाही.

न्यू हॅम्पशरमधली एक गोष्ट आहे. 2009 मध्ये तिथल्या एका दुकानातून आठवड्याच्या आत तीन माणसांनी बंदुका घेतल्या. एकमेकांची ओळख नाही, काही संबंध नाही. तिघांनीही काही तासांत स्वतःला संपवलं. दुकानदाराला ते कळलं तेव्हा तो हादरला. तपासणीत तिघेही स्वच्छ होते, त्याने कायद्याचं एक अक्षर मोडलं नव्हतं. तो उठून सार्वजनिक आरोग्याचं काम करणाऱ्यांकडे गेला. बंदूक विकणारे आणि बंदुकीची मरणं मोजणारे, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक, एका टेबलाशी बसले आणि त्यांनी दुकानदारांसाठी साधी माहिती लिहून काढली: गिऱ्हाईक घाईत आहे का, बंदूक सांभाळण्याविषयी, सफाईविषयी काहीच विचारत नाही का, नुकतंच काही दुःख झाल्याचं बोलतो का. तसं वाटलं तर विकू नका, विचारा. आणि घराघरांसाठी: मित्राचे दिवस बरे नसतील तर त्याची बंदूक काही दिवस तुमच्याकडे सांभाळा.

हे मी वाचलं तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते. कुठल्याही यंत्रणेत न दिसणारी गोष्ट काउंटरपलीकडच्या माणसाला दिसू शकते, असं तो दुकानदार सांगत होता. आणि मी तर एकोणीस वर्षांची शेजारीण.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. आटवलेलं दूध डब्यात घेतलं होतं. त्यांनी दार उघडलं, म्हणाले, "वहिनी, तो ईमेल आला नाही का अजून?"

"आलाय," मी म्हटलं. "उत्तर दिलं नाही."

ते काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरात तिची मिसळणाची डबी जिथे असायची तिथेच होती, घासून पुसून. मी दूध गरम करत ठेवलं आणि पाठ करूनच विचारलं, कारण तोंडावर विचारायचं बळ नव्हतं. "भावजी, एक विचारते, राग मानू नका. जगणं नकोसं झालंय का तुम्हाला?"

हे असं सरळ विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेलं येतं, असा आपला समज असतो. तसं होत नाही, असं या विषयात काम करणारे सगळे सांगतात. मी ते वाचलं होतं. तरी माझे हात थरथरत होते.

पुष्कळ वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "तुम्ही मला ओळखत नाही का, वहिनी?" राग होता त्यात. मी वळले. ते खुर्चीत बसले होते, दोन्ही हात टेबलावर. "तिच्या फोनवरचा गोळ्यांचा गजर अजून वाजतो," ते म्हणाले. "सकाळी सहाला. मी बंद नाही केला. सहापर्यंत जागा असतो मी." दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला.

"बंदूक चोरांसाठीच हवीय. शपथ. पण ती घरात असली आणि रात्रीचे तीन वाजलेले असले, तर काय, हे मला नाही सांगता यायचं."

त्यानंतर आम्ही दोघंही रडलो, आणि ते दूध तसंच प्यायलो, साय न काढता.

पुढच्या शनिवारी माझा नवरा आणि ते बँकेत गेले. दागिने लॉकरमध्ये ठेवून आले. घराला अलार्म बसवला. डॉक्टरांकडे जायला त्यांनी तीन आठवडे टाळाटाळ केली आणि मग मुलगी सिॲटलहून आली तेव्हा गेले. 988 हा नंबर मी त्यांच्या फ्रिजवर चिकटवला. 2022 पासून तो देशभर आहे, मन कोसळलं की कुणीही फिरवू शकतं. त्यांनी तो फिरवला की नाही मला माहीत नाही, मी विचारलं नाही. बुधवारी रात्री ते आमच्याकडे जेवायला यायचे. अर्जाचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही.

माझ्या हातून अन्याय झाला का, हा प्रश्न मला सुटलेला नाही. कायद्याच्या चौकटीत बसणाऱ्या एका निर्दोष माणसाचा अर्ज मी अडवून ठेवला. मला तसा काही अधिकार नव्हता. फार तर शेवटच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचा होता. पण ते उत्तर पोलिसांना लिहिण्याआधी त्यांना तोंडाने सांगणं मला जास्त प्रामाणिक वाटलं. कुणी म्हणेल, तुमच्यासारख्या शेजारणी असल्या तर कुणालाच बंदूक मिळायची नाही. त्यांच्या गल्लीत त्याच हिवाळ्यात आणखी एक घर फुटलं. ते त्यांचं असतं तर?

पुढच्या वर्षीच्या गणपतीनंतर त्यांनी जेवताना सहज म्हणावं तसं म्हटलं, "वहिनी, पुन्हा अर्ज करतोय. तुमचं नाव देऊ का? नाही म्हणालात तरी चालेल." मी त्यांच्याकडे नीट बघितलं. वजन थोडं भरलं होतं. सकाळचे चालायला जात होते, पुस्तकं वाचत होते, मुलीशी भांडत होते. "द्या," मी म्हटलं. ईमेल आला त्याच रात्री मी सगळी उत्तरं लिहिली. शेवटच्या प्रश्नाला नाही लिहिताना पाच मिनिटांहून बराच जास्त वेळ लागला, पण लिहिलं. परवाना हातात यायला सात आठवडे गेले. तो नव्वद दिवस चालतो. त्यातले साठ दिवस त्यांनी काहीच केलं नाही आणि मग जाऊन एक पिस्तूल घेतलं. किल्लीची लोखंडी पेटी घेतली, ती कपाटाच्या तळाला स्क्रूने बसवली. मला दाखवायला बोलावलं होतं. मी पेटी बघितली, पिस्तूल नाही बघितलं.

या फेब्रुवारीत तिचं दुसरं श्राद्ध होतं. त्याच्या चार दिवस आधी, भर बर्फात, ते सकाळी सातला दारात उभे. आत या म्हटलं तर बूट काढेनात. खिशातून एक छोटी किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"आठ दिवस ठेवाल का?" ते म्हणाले. "श्राद्ध झालं की नेतो."

मी ती देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवली आणि चहा टाकला.